अस्थिर भार

लिफ्टने टूं केलं आणि आम्ही सगळे वर आकड्याकडे बघायला लागलो. आकडा बदलणार नव्हता, कारण दारच बंद होत नव्हतं, पण अशा वेळी एकमेकांकडे बघण्यापेक्षा आकड्याकडे बघणं बरं असतं. आत नऊजण होतो. दाराशेजारी पितळी पट्टी आहे, 'क्षमता आठ व्यक्ती, ५४४ किलो'. ती मी गेली सोळा वर्षं रोज वाचते. म्हणजे माणशी अडुसष्ट. हा अडुसष्ट किलोचा माणूस कुठे राहतो कोण जाणे, मला अजून भेटलेला नाही. शेवटी आत शिरलेली बाई दोन पिशव्या घेऊन उभी होती. नियमाने तिने उतरायला हवं होतं, पण तिने पिशव्या छातीशी आणखी घट्ट धरल्या, त्याने त्या हलक्या होणार असल्यासारख्या. कुणीतरी म्हणालं, "उतरा हो एकजण, नऊ वाजले." कुणीतरी खोकलं. मग अगदी मागच्या कोपऱ्यातून एक माणूस "जरा... जरा सरकता?" करत वाट काढत पुढे आला, बाहेर पडला, आमच्याकडे वळला आणि दार मिटत असताना त्याने तळहात थोडासा वर केला. निरोप दिल्यासारखा नाही, काही अडलं नाही असं सांगितल्यासारखा. टूं थांबलं. पिशवीवाली म्हणाली, "भला माणूस हो," आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत सगळे त्याला विसरले. मी पाचव्यावर उतरले तेव्हा माझ्या लक्षात आलं. मागच्या कोपऱ्यात होता म्हणजे तो सगळ्यात आधी चढलेला होता.

एरवी मीही विसरले असते. पण आज तीन वाजता कप्तान येणार होते. कप्तान म्हणजे माझा नवरा ज्या हेलिकॉप्टरवर होता त्याचे वैमानिक. नवरा दारावर असायचा. जखमींना आत ओढून घेणं, स्ट्रेचर बांधणं, खाली उतरायला जागा नसेल तिथे विंचच्या दोरीने माणूस वर घेणं, हे त्याचं काम. अकरा वर्षांपूर्वी, त्या लढाईत, एका डोंगरउतारावरून जखमींना आणायला ते गेले. हेलिकॉप्टर सहा जखमी घेऊन परत आलं, तो आला नाही. पदकाबरोबरच्या कागदात एकच वाक्य त्याबद्दल आहे, 'शत्रूच्या माऱ्यात यानाचा भार कमी करण्यासाठी स्वेच्छेने खाली उतरून.' पुढे धैर्य वगैरे. देह सापडला नाही. सात वर्षं तो बेपत्ता होता, मग आणखी एक कागद आला, त्यात 'मृत समजण्यात यावे' असं होतं. समजण्यात यावे. शास्त्राच्या माणसाला ही भाषा परकी नाही. जे मोजता येत नाही ते आपण गृहीत धरतो आणि तसं लिहून ठेवतो. पदक मी प्रयोगशाळेत आणून तोललं. चौतीस ग्रॅम भरलं.

कप्तानांची तीन पत्रं आली होती. पहिलं इस्पितळातून, पाय गेला त्या वर्षी. तिन्हींत एवढंच की एकदा भेटायचं आहे. मी एकालाही उत्तर दिलं नाही, कारण त्यांना भेटले तर मला एक गोष्ट सांगावी लागली असती. ती मी कुणालाच सांगितलेली नाही, सासूबाईंनाही नाही. तो त्या दिवशी त्या हेलिकॉप्टरमध्ये असायलाच नको होता. मी एक आकडा खोटा लिहिला म्हणून तो तिथे होता. अकरा वर्षं हे वाक्य माझ्यात असं बसलं आहे की आता त्याला धारही उरलेली नाही, नुसतं वजन आहे. परवा त्यांचा फोन आला. पायाच्या तपासणीसाठी शहरात आलोय, पंधरा मिनिटं द्या, घरी नको, तुमच्या कामाच्या जागीच येतो, कारण थोडं कामाचंच आहे. नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही.

आमची प्रयोगशाळा वजनांची आहे. दुकानांतल्या, कारखान्यांतल्या, औषधांच्या काट्यांची वजनं आमच्या वजनांशी ताडून बघतात, आमची आणखी वरच्या वजनांशी. ती काचेच्या घुमटाखाली असतात. त्यांना हात लावायचा नाही, चिमट्याने उचलायची, कारण बोटाच्या ठशालाही वजन असतं. वजन काट्याच्या पाटावर ठेवलं की मागे सरून थांबायचं, कधी वीस मिनिटं, कधी अर्धा तास. माणसाच्या अंगाच्या उबेनेसुद्धा हवा हलते आणि हवा हलली की काटा हलतो. हे काम शिकलं म्हणजे मुख्यतः थांबायला शिकलं. आज सकाळपासून मी एकाच वजनाची चार वाचनं घेतली आणि चारही टाकून दिली. नोंदवहीचे काका, जे पुढच्या वर्षी निवृत्त होतील आणि दर वर्षी तसंच म्हणतात, चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते.

"बाई, आज कोण बडी असामी यायचीय?"

"कुणी नाही. का?"

"नाही, कप तुम्ही स्वतः विसळलेत. सोळा वर्षांत पहिल्यांदा. नोंद करू?"

"करा."

"तापमान काय लिहू?" काका म्हणाले, प्रत्येक नोंदीला लागतं तसं, आणि मी हसले नाही हे बघून त्यांनी मान खाली घातली.

खिडकीजवळ मोठा काटा आहे, पोती-पिंपं तोलायचा, दीडशे किलोपर्यंतचा, तरी ग्रॅमपर्यंत वाचता येणारा. त्याचा पाट जमिनीच्या पातळीत आहे, काळ्या रबराचा. मी रोज त्याला वळसा घालून जाते. शेवटच्या रजेत तो इथे आला होता, एका शनिवारी. त्याच्या आधी दोन महिने तो काविळीने आडवा होता, तिकडच्या इस्पितळात. रजेवर आला तेव्हा पट्ट्याला दोन नवी भोकं पाडलेली होती, खिळ्याने, ओबडधोबड. सासूबाईंनी दारातच त्याला जवळ घेतलं, मग दोन्ही दंड धरून लांब केलं आणि म्हणाल्या, "सात किलो गेलेत तुझे." तो म्हणाला, "आई, तू काय काटा आहेस का? काट्याची बाई ती तिकडे." आणि माझ्याकडे बोट केलं. म्हणून शनिवारी, प्रयोगशाळेत कुणी नसताना, मी त्याला घेऊन आले. सासूबाई किती चुकतात ते बघायला.

"बूट काढ."

"मोजेपण?"

"मोजेपण. किल्ल्या, पाकीट, घड्याळ इथे ठेव."

"मग अर्ध्यावर थांबायचं कशाला," तो म्हणाला, आणि मी दाराला आतून कडी आहे ना ते पुन्हा पाहिलं.

तो पाटावर उभा राहिला. पावलं जरा बाहेर वळलेली, नेहमीसारखी. आकडे धावले आणि चौसष्टावर आले, पण शेवटचे दोन काही केल्या थांबेनात. तो बोलला की पळायचे, हसला की उड्या मारायचे, आणि अगदी श्वास रोखून उभा राहिला तरी शेवटचा आकडा मागे-पुढे करतच होता.

"हा का नाचतोय?"

"तुझं हृदय आहे ते. ठोक्याबरोबर रक्त वर फेकलं जातं, तू तेवढा खाली दाबला जातोस. मग पुन्हा वर."

तो वाकून बघायला लागला, त्यामुळे सगळंच बिघडलं. "म्हणजे हे थांबलं तर तुझं काम सोपं होईल."

"हो. मेलेल्या माणसाचं वजन पटकन होतं," मी म्हणाले. मी ते खरोखर तेवढ्याच अर्थाने म्हणाले, आणि तो असा मोठ्याने हसला की आकडा पंच्याहत्तरापर्यंत जाऊन आला.

जिवंत वस्तू तोलायची तर एकच मार्ग असतो, पुष्कळ वाचनं घ्यायची आणि सरासरी काढायची. मी तीस घेतली. तो तेवढा वेळ शहाण्यासारखा उभा राहिला, हात बाजूला सोडून, आणि माझ्याकडे बघत. मी त्याच्याकडे बघत नव्हते, आकड्याकडे बघत होते. याचं मला पुढे फार वाटलं, पण ते वाटणंही तितकंसं बरोबर नाही, कारण आकडा म्हणजे तोच होता. मी त्याच्याकडे इतकं लक्ष देऊन त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. सरासरी आली चौसष्ट पॉइंट तीन एक आठ. सासूबाई चुकल्या नव्हत्या. वर्षापूर्वी तो एकाहत्तर होता.

"लिही की मग वहीत."

"काय लिहू? वस्तूचं नाव लागतं."

"नवरा, एक नग."

मी लिहिलं, 'अस्थिर भार, चाचणीसाठी.' सहा महिन्यांनी तपासनीस आले तेव्हा त्यांनी नेमकं त्या ओळीवर बोट ठेवलं. हा अस्थिर भार काय? मला बोलता येईना, कारण तोपर्यंत बेपत्ताची तार येऊन पाच आठवडे झाले होते. काका म्हणाले, "पाण्याची टाकी होती, साहेब. हिंदकळत होती."

तो आकडा त्याला का इतका आवडला कोण जाणे. आंघोळ करताना गाण्यासारखा म्हणायचा. दुकानात जायला निघाला की दारातून ओरडायचा, "चौसष्ट पॉइंट तीन एक आठ निघतायत, काही आणायचंय?" सासूबाई विचारायच्या, "हा कुठला नंबर घेऊन बसलाय?" मी सांगायची, "वेड लागलंय." रजा संपली त्या सकाळीही तेच. पाठीवर पिशवी, दारात वळून, "चौसष्ट पॉइंट तीन एक आठ निघतायत." मी म्हणाले, "पिशवी धरून जास्त आहेत." हे माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं. दुरुस्ती.

आणि फॉर्म. तो त्याच्या आदल्या दिवशी जेवणाच्या टेबलावर भरला होता. वार्षिक माहितीचा साधा छापील कागद, उंची, वजन, दृष्टी, मागील आजार. त्याने तो माझ्याकडे सरकवला.

"तू भर. माझं अक्षर बघून डॉक्टर परत पाठवतील."

मी भरत गेले. वजनाशी आले तेव्हा तो म्हणाला, "एकाहत्तर."

"चौसष्ट."

"एकाहत्तर लिही गं. सहासष्टच्या खाली गेलो तर सहा महिने उडू देणार नाहीत. सामानखोलीत बसवतील, चिठ्ठ्या चिकटवायला."

"मग बस."

"तिकडे लढाई तोंडावर आलीय. कप्तान दारावर नवा माणूस घेऊन जाईल. त्याला विंच धरता येत नाही अजून."

"तिथे तुझं वजन करतीलच की."

"कुणी करत नाही. कागद बघतात आणि शिक्का मारतात."

"मी खोटं वाचन लिहीत नाही."

"वाचन कुठंय हे? नुसता फॉर्म आहे. आणि सामानखोलीत बसलो तर रोज पत्र लिहून तुला पिडीन, सांगून ठेवतो. रोज."

मी लिहिलं. सात, मग एक. एक लिहायला काय वेळ लागतो. का लिहिलं याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला त्याचा पडलेला चेहरा बघवला नसता हे एक. पण दुसरंही होतं, आणि ते कबूल करायला मला बरीच वर्षं लागली. मला त्या दिवशी स्वतःचाच कंटाळा आला होता, या तीन दशांश स्थळांचा. एकदा तरी त्याच्यासारखं हलकं व्हावं, हात झटकून लिहून टाकावं असं वाटलं. आयुष्यात एकच खोटं वाचन लिहिलं आणि ते अशा माणसाचं, ज्याचं खरं वाचन माझ्या वहीत होतं. सहा महिन्यांची रोजची पत्रं म्हणजे एकशे ऐंशीच्या वर. तीही मी मनात वाचते कधी कधी. अक्षर लागत नाही.

लोक म्हणतात की गेलेल्या माणसाचा चेहरा पुसट होतो, आवाज जातो. माझं तसं झालं नाही. माझ्याकडून गेलं ते त्याचं वजन. गादीच्या त्याच्या बाजूला एक खळगा होता, तो दोन वर्षांत भरून आला. कापूस स्वतःहून वर येतो. दुपारी जेवून पडला की झोपेत त्याचा हात माझ्या कमरेवर यायचा, मी तो उचलून बाजूला ठेवायची, कारण मला उकडायचं. किती वेळा बाजूला ठेवला. खांद्यापासून बोटांपर्यंत एक हात म्हणजे शरीराच्या साधारण पाच टक्के. चौसष्टाचे तीन किलो दोनशे. एकदा मी कापडाची पिशवी शिवली, तिच्यात बारीक वाळू भरली, तीन किलो दोनशे, आणि एका रविवारी दुपारी ती कमरेवर घेऊन पडले. वजन बरोबर होतं. वाळू आधी गार होती, मग माझ्याच उबेने कोमट झाली. सासूबाई दारात आल्या. "काय गं ते?" "कंबर धरलीय, शेक घेतेय." त्या म्हणाल्या, "झाला शेक घेऊन की मला दे. माझीही धरलीय." मी दिली. त्या पिशवी घेऊन आपल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. पिशवी त्यांनी परत केली नाही, मी मागितली नाही.

कप्तान साडेतीनला आले. धापा टाकत, काठी, उजवा पाय गुडघ्याखाली कृत्रिम. केस अगदी पांढरे. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलं होतं, त्यात ते नवऱ्याच्या मानेत हात टाकून उभे होते.

"उशीर झाला, वहिनी. जिन्याने आलो."

"पाच मजले? लिफ्ट बंद आहे का?"

"चालू आहे. वाजली." ते खुर्चीत बसले, काठी आडवी मांडीवर घेतली. "वाजली की मी उतरतो. सवय लागलीय."

काका चहा ठेवून गेले, आणि जाताना, विचारल्याशिवाय, दार बाहेरून ओढून घेऊन गेले. मी म्हणाले, "मला तुम्हाला काही सांगायचंय." ते म्हणाले, "आधी मला विचारू द्या, नाहीतर मी पुन्हा उठून जाईन. तुमच्या रस्त्यापर्यंत मी दोनदा येऊन गेलोय." मग त्यांनी खिशातून एक कागद काढला. प्लास्टिकच्या पाकिटात, घड्या झिजलेल्या. वैमानिक मांडीवर बांधतात त्या पाटीवरचा कागद, त्या सकाळचा. वरच तीन आकडे होते: स्वतः ७८, दुसरा वैमानिक ६९, दारावर ७१. खाली इंधन, सामान, बेरीज. त्याच्यामागे आणखी दोन पानं होती, नंतर लिहिलेली, वेगवेगळ्या शाईत, वस्तूंची नावं आणि वजनं. विंच, स्ट्रेचर, दारं, गोळ्यांच्या पेट्या.

"तुम्ही वजनांचं माणूस," ते म्हणाले. "मला एक वस्तू ओळखून पाहिजे."

आणि त्यांनी सांगितलं. दुपारी दोनची वेळ होती, ऊन तापलेलं. उंचावर हवा आधीच विरळ, तापली की आणखी विरळ, तिच्यात पातं पकड घेत नाही. पाच जखमी आहेत असा निरोप होता. डोंगरउतारावर टेबलाएवढी सपाट जागा होती, तिथे एक चाक टेकवून, एक हवेत ठेवून उभं राहायचं. समोरच्या कड्यावरून मारा सुरू होता. पत्र्यावर कुणी मूठ-मूठ खडे टाकावेत तसा आवाज येत होता. दारावरच्या माणसाने पाचजण आत घेतले आणि खडकामागे सहावा दिसला. तो खाली उडी मारून गेला, त्याला खांद्यावर टाकून घेऊन आला, आत सरकवला. "काविळीतून उठलेला माणूस, वहिनी. त्या खांद्यावर." आणि मग हेलिकॉप्टर उठेना. दारं आधीच काढलेली होती, बाकं काढलेली होती, पेट्या त्याने ढकलून दिल्या. तरी उठेना.

"मी इंटरकॉमवर म्हणालो, अजून साठ किलो जास्त आहेत. साठ निघत नसतील तर एकाला खाली ठेवायला लागेल. मी असं म्हणालो. कुणाला, तेही मला ठरवायला लागणार होतं. तो गप्प होता, दोन सेकंद असेल. मग म्हणाला, अगदी साध्या आवाजात—" कप्तानांनी दुसरं पान उलटलं, तिथे ते मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, पण त्यांनी वाचलं नाही. "चौसष्ट पॉइंट तीन एक आठ निघतायत."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"मी म्हणालो, काढा."

बाहेर लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला आणि पुन्हा मिटल्याचा.

"मला वाटलं विंच काढली. विंच बासष्टच्या आसपास असते, केबल धरून. विंच काढायला पाच मिनिटं लागतात, हे मला माहीत होतं, पण त्या क्षणी माहीत नव्हतं. किंवा मला ते माहीत व्हायला नको होतं. आम्ही उठलो. असे अलगद उठलो, वहिनी. नदीच्या वळणावर माझ्या पायात गोळी लागली, त्यानंतर मी विचारलं, दारावर सगळं ठीक? उत्तर नाही. दुसऱ्या वैमानिकाने मागे पाहिलं. विंच जागेवर होती. सहाव्याचा हात त्याने पट्ट्यात अडकवून ठेवला होता, घसरू नये म्हणून." त्यांनी काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला. "चाळीस मिनिटांनी दुसरं हेलिकॉप्टर गेलं तोवर ती जागा शत्रूच्या ताब्यात होती. सहावा जगला. बेकरी आहे त्याची, दोन मुली आहेत. तो बेशुद्ध होता, त्याला यातलं काही माहीत नाही. पण तो आकडा कशाचा? मी सकाळ-संध्याकाळ ते तीन आकडे पाठ म्हणायचो, अठ्ठ्याहत्तर, एकोणसत्तर, एकाहत्तर. तो एकाहत्तर म्हणाला असता तर मला लगेच कळलं असतं की तो स्वतःबद्दल बोलतोय. मी नाही म्हणालो असतो. देवाशपथ नाही म्हणालो असतो. मेकॅनिकांना विचारलं, बनवणाऱ्यांना लिहिलं, चौसष्ट किलोची एक वस्तू त्या यंत्रात नाही. मी कशाला काढा म्हणालो, एवढंच मला कळायला हवंय."

मला आठवतं की त्या वेळी मी समोरच्या भिंतीवरचं तापमान वाचलं. वीस पूर्णांक दोन. ते बरोबर होतं. मग माझ्या लक्षात आलं की मी अजून काही न बोलणं शक्य आहे. मी खांदे उडवू शकते, म्हणू शकते की माहीत नाही. ते जिना उतरून जातील आणि हा आकडा फक्त माझा राहील, त्याच्या तोंडचा, त्याने शेवटच्या दोन सेकंदांत शोधून काढलेला, आणि या जगात एकाच माणसाला कळेल असा. मला तो कुणाला द्यायचा नव्हता. हे मी लिहून ठेवते, कारण खरं आहे. अकरा वर्षांत त्याच्याकडून मला आलेली ही पहिली वस्तू होती.

मी उठले आणि जुन्या नोंदवह्यांच्या कपाटातून ती वही काढली. पान शोधावं लागलं नाही.

"हे वाचा."

त्यांनी चष्मा लावला. "अस्थिर भार, चाचणीसाठी. तीस वाचने. सरासरी चौसष्ट..." त्यांनी तारीख बघितली. मग मला वाटलं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी खिडकीजवळच्या काट्याकडे पाहिलं, रबराच्या पाटाकडे, आणि तिथे कुणी उभं असल्यासारखे कितीतरी वेळ बघत राहिले.

"एकाहत्तर मी लिहिलं," मी म्हणाले. "फॉर्म मी भरला. खरं लिहिलं असतं तर तो सामानखोलीत असता. तुम्हाला हेच सांगायचं होतं मला. अकरा वर्षं हेच एक होतं. आता तुम्ही सांगताय ते मला माहीत नव्हतं. माझ्या आकड्यामुळे तो तिथे होता, आणि माझ्याच आकड्यामुळे तो तुम्हाला ओळखू आला नाही."

"त्याला ते ठाऊक होतं," कप्तान हळू म्हणाले. "एकाहत्तर म्हणालो तर हा थांबवेल. म्हणून खरं सांगितलं. खरं सांगून फसवलं मला, लेकाने." आणि ते हसले, तोंडावर हात ठेवून, आणि हात तसाच ठेवून रडले. मी चिमटे उचलले आणि डब्यात ठेवले. ते अजून डब्यात ठेवण्यासारखे नव्हते, पुसायचे राहिले होते.

त्याने फसवायला तो आकडा वापरला, किंवा निरोप घ्यायला वापरला. दोन्हीला पुरावा सारखाच आहे. मी दोन्ही ठेवते.

"वहिनी," ते जायला उठताना म्हणाले, "मी नाही म्हणालो असतो तर बेकरीवाला राहिला असता खाली. हेही आहे."

"आहे."

"मग तुम्ही ते लिहिलं हे..." त्यांना वाक्य पुरं करता आलं नाही, आणि मला त्याचं बरं वाटलं, कारण ते कुठल्याही बाजूने पुरं केलं तरी चुकलं असतं.

मी म्हणाले, "तो कागद द्या जरा."

आमच्याकडे पद्धत आहे. चुकलेलं वाचन खोडायचं नाही, रबराने पुसायचं नाही, त्याच्यावर गिरवायचं नाही. एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचा आकडा वाचता यावा. शेजारी बरोबर आकडा. मग सही आणि तारीख. कागद पाकिटातून काढला तेव्हा तो कापडासारखा मऊ झाला होता. मी ७१ वर रेघ मारली. शेजारी लिहिलं ६४.३१८. सही केली. तारीख लिहिताना कप्तानांनी विचारलं, "त्या दिवसाची टाकणार?"

"नाही. आजची टाकतात. चूक कधी झाली त्याची नाही, दुरुस्त कधी केली त्याची."

ते कागदाकडे बघत बेरजेपाशी गेले. ओठ हलत होते. अकरा वर्षं पाठ असलेली बेरीज ते पुन्हा करत होते. "सात किलो कमी," ते म्हणाले. "सकाळीच सात किलो कमी होते आणि मला माहीत नव्हतं." मग पाकीट खिशात ठेवून त्यांनी माझ्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला, थोरल्या भावाने ठेवावा तसा, आणि जिन्याकडे वळले. लिफ्टने जा, मी म्हणाले. उतरताना सोपं असतं, ते म्हणाले. काठी प्रत्येक पायरीवर वाजत गेली, मी मजले मोजले.

काका आत आले, दोन्ही कप उचलले, वही उघडी बघितली. दारात थांबून म्हणाले, "टाकी आठवते मला. फार हिंदकळायची."

सासूबाईंना घरी गेल्यावर सांगायचं होतं. कसं, ते मी ठरवत होते. त्यांनी दारात त्याचे दंड धरून सांगितलेला आकडा बरोबर होता आणि तो मी कागदावर खोटा पाडला, इथून सुरुवात करता आली असती. वाळूची पिशवी मागूनही करता आली असती. पाच वाजून गेले होते. आवराआवर करताना मी मोठ्या काट्यापाशी आले, आणि आज वळसा घातला नाही. बटण दाबलं. आकडे जुळले, शून्य, शून्य, शून्य, आणि शेवटचा एक थांबेना. पाट रिकामा होता. शेवटचा आकडा एक व्हायचा, पुन्हा शून्य व्हायचा, पुन्हा एक.

वरच्या हवेच्या झडपेमुळे असं होतं. वाचन घ्यायच्या आधी ती बंद करायची असते, दोरी माझ्या हाताशीच आहे. मी मागे सरले, भिंतीला टेकले आणि थांबले. दोरी ओढली नाही.